फळ्यावर आलंय

आरंभीच क्षमा मागते. सारा जन्म गणित शिकवण्यात गेला. जे लिहिले ते वर्गातल्या फळ्यावर, आणि तास संपताच पुसले. माझे लिहिलेले दुसऱ्या दिवसापर्यंत टिकावे आणि कोणा अनोळखी माणसाने ते वाचावे, अशी वेळ कधी आली नाही. ती येऊ नये याचीच मी आजवर काळजी घेतली. साठी उलटल्यावर माणसाने नवे व्यसन लावून घेऊ नये म्हणतात. तरीही बसले आहे, आणि ते हौसेने नव्हे. उद्या सकाळपर्यंत मला एक गोष्ट ठरवायची आहे, ती एकटीने ठरत नाही, आणि ज्यांना विचारले असते ते आता नाहीत.

गोष्ट अशी. सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या चौकात, मंडळाच्या खोलीच्या भिंतीवर एक फळा आहे. गेले काही महिने तो कोराच आहे. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, पाळी असते. गेल्या पाळीनंतर आमच्या बोळातल्या एका घरात दोन मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले, मग शेजारच्या बाईंना. पाण्याला वास होता असे काहीजण म्हणतात. काहीजण शपथेवर सांगतात की नव्हता. नमुना तपासायला गेला आहे, निकाल यायचा आहे. उद्या सकाळी पुन्हा पाळी आहे. आज दुपारी मंडळाचा सेक्रेटरी माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, पाण्याचं फळ्यावर तुम्ही लिहा. पाणी सुटायच्या आत लिहा," म्हणाला आणि खडूची डबी उंबऱ्यावर ठेवून निघून गेला.

यात अवघड ते काय, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले असते. पण फळ्यावर काही येण्याआधीच बोळात एक वाक्य फिरू लागले आहे: चावीवाल्यानं घोळ केला. चावीवाला म्हणजे पेठेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. लोखंडी लांब चावी सायकलच्या दांडीला बांधून तो भल्या पहाटे एकटाच येतो, रस्त्यातल्या खड्ड्यात वाकतो आणि पाणी सोडून पुढच्या पेठेकडे जातो. उद्याही तो एकटाच येईल.

हा फळा ज्यांचा, त्यांना सगळे मालक म्हणत. सोलापुरात मालक म्हणवून घ्यायला कशाची मालकी असावी लागत नाही. रिक्षावाला प्रवाशाला मालक म्हणतो आणि प्रवासी रिक्षावाल्याला. पण आमचे मालक खरोखरच मालक होते, म्हणजे माझे घरमालक. खाली त्यांचे यंत्रमागाच्या सुट्या भागांचे दुकान, मागे त्यांचे बिऱ्हाड, वरच्या मजल्यावर मी. ते घरात कन्नड बोलत, दुकानात मराठी, आणि समोरच्या चहाच्या दुकानात चाचांशी दखनी. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि बाह्यांवर खडूची पूड. दोन्ही पांढरी असल्यामुळे त्यांतले देवाचे कुठले आणि फळ्याचे कुठले, हे सांगता येत नसे. माग बंद पडत गेले तसे दुकानातले गिऱ्हाईक कमी होत गेले. मालकांना त्याचे फारसे वाईट वाटल्याचे दिसले नाही. त्यांचे खरे दुकान भिंतीवर होते.

मी खोली बघायला आले त्या दिवशी त्यांनी माझे गाव, नोकरी, खाणे-पिणे यांतले काहीच विचारले नाही. कुलूप काढून म्हणाले, "भित्ताडावर काय लिवलंय ते आधी वाचून घ्या. पटलं तर ऱ्हावा."

खिडकीशेजारी, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, निळ्या शाईत लिहिले होते: 'या खोलीत राहणारा सुखी होत नाही.'

"हे कोणी लिहिले?"

"आधीचा भाडेकरू. परीक्षेत नापास झाला हुता. त्येच्यापुरतं ते खरं हुतं."

"मग पुसले का नाहीत?"

"तुमच्या आधी दोगं वाचून पळाले की! म्हटलं, हितं कोन ऱ्हानार ते भित्ताडच ठरवंल."

मी गणिताची शिक्षिका. अशा वाक्याला भिणे माझ्या शिक्षणाला शोभले नसते. मी खोली घेतली. आणि त्यानंतर महिनाभर त्या खोलीत मला काही ना काही खटकत राहिले. दुधाला विरजण लागले नाही तरी नजर भिंतीकडे जाई. शेवटी मी चुना आणून ते वाक्य झाकले. मालक जिन्यात उभे राहून बघत होते. "झाकलं व्हय? बरं केलं," म्हणाले, आणि मग हळूच, "आता खाली काय हाय ते तुमाला ठावं न्हाई, असं तर झालं न्हाई ना?"

असे प्रश्न विचारून माणसाला अस्वस्थ करण्यात त्यांना आनंद होत असेल, असे मला तेव्हा वाटे. पुढे कळले की स्वतः ते माझ्याहून अस्वस्थ असत. लिहिलेल्या शब्दाचे त्यांना भय होते. घरात विषारी औषधाची बाटली असावी आणि ती हाताळण्याचे काम आपल्याकडेच असावे, तसे ते खडू हाताळत. चाचांकडून भजी आली तर ज्या कागदात ती बांधलेली असे तो कागद आधी दोन्ही बाजूंनी वाचत. भजी गार होत. "कुनाचं वाईट छापलंय का बगू दे. लोकाच्या वंगाळावर ठेवून खायाचं म्हंजे…" चाचा कपाळावर हात मारत. "मालक, भजिया खाओ, पेपर नक्को खाओ!"

फळ्याचे त्यांचे नियम ठरलेले होते आणि ते कोणासाठी वाकत नसत. सकाळी आधी ओल्या फडक्याने फळा पुसायचा, मग कोरड्या. पूर्ण वाळल्याशिवाय खडू टेकवायचा नाही. ओल्यावर लिहिलेले आधी दिसत नाही, मागाहून उमटते, तोवर माणूस अर्धेच वाचून पुढे गेलेला असतो आणि उरलेले अर्धे स्वतःच्या मनाचे घालतो. लिहायचे ते पेठेपुरते: पाण्याची वेळ, वीज जाणार असल्यास ती, हरवले-सापडले, आणि निधन. पाण्याची वेळ आदल्या दिवशी चावीवाल्याच्या तोंडून ऐकली तरी ते पहाटे स्वतः व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी जाऊन पुन्हा विचारून येत. निधनाचे तर त्याहून कडक. "मढं बगितल्याबिगर निधन लिवायचं न्हाई." एकदा एका विणकर कुटुंबातल्या थोरल्या मुलाचा रडत फोन आला, वडील गेले. मालक त्यांच्या घरी गेले, बाजेशेजारी बसले, मनगट हातात घेतले. म्हाताऱ्याने डोळे उघडून विचारले, "कोण गेलं?"

"अजून कुनी न्हाई," मालक म्हणाले आणि उठून आले. त्यानंतर म्हातारा बरीच वर्षे जगला आणि रोज फळा वाचायला येत असे. मालकांचे म्हणणे, त्या दिवशी नाव फळ्यावर गेले असते तर म्हाताऱ्याला परत यायला तोंड राहिले नसते.

पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा ते लिहीत नसत. सुविचारही नाही. शेजारच्या प्रत्येक चौकात सुविचार असे, आमच्याच चौकात नव्हता. मी एकदा भीत भीत कारण विचारले. "मॅडम, सुविचार वाचला की मानसाला वाटतं, आपुन तसंच वागलो. बरं वाटतं आनि घरी जातं. बरं वाटून घरी गेलेलं मानूस काय कामाचं?"

लिहून झाले की रस्ता ओलांडून चाचांच्या दुकानात भिंतीला पाठ लावून बसायचे आणि वाचणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचे. हे त्यांचे वाचन. कोणाच्या कपाळाला आठी पडली, कोण ओठ हलवत वाचतो, कोण न वाचताच मान डोलावतो. कोणी चुकीचे समजून निघाला असे वाटले तर चहा टाकून त्याच्या मागे जात. "ओ मालक, काय वाचलं सांगा बगू?" असे भर रस्त्यात विचारत. माणसे चिडत, हसत, पण सांगत. आणि हळूहळू पेठेत एक बोलणे रूढ झाले. एखादी बातमी खरी की खोटी असा वाद निघाला की कोणीतरी म्हणे, "फळ्यावर आलंय." तिथे वाद संपे. मालकांना याचा अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण हे वाक्य कानावर पडले की ते उगाच खडूची डबी उघडून मिटत.

त्या अभिमानाचे काय झाले ते सांगायला मला जड जाते; पण ते वगळले तर बाकी सगळे नुसती गंमत ठरेल.

मालक बहिणीकडे मैंदर्गीला गेले होते. त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर एक मजकूर फिरत होता: मुले पळवणाऱ्या टोळीतल्या बायका बोहारणीच्या वेशात फिरत आहेत, सावध राहा. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी आमच्याकडे नेहमीच येतात. फोनवरचा तो मजकूर कोणी मनावर घेतला नव्हता. पलीकडच्या दारातली एक बाई तर नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली होती, "माझी दोन्ही कार्टी न्या म्हनावं, वर एक पातेलं मीच देते!" सगळ्याजणी हसल्या होत्या. मीही खिडकीत हसले होते.

मंडळाचा सेक्रेटरी हा भला तरुण आहे. गणपतीत जागतो, कोणाला रक्त लागले तर दवाखान्यात धावतो. मालक नाहीत, फळा कोरा आहे, आणि लोकांनी सावध तर राहायला हवे, असे त्याला वाटले. त्याने तो मजकूर फोनवरून जसाच्या तसा फळ्यावर उतरवला. त्याचे अक्षर मालकांपेक्षा सुरेख आहे. "मॅडम, मी त्यात एक शब्द वाढवला नाही," असे तो मला नंतर कितीदा तरी सांगत होता.

सकाळी नेहमीच्या वेळी एक बोहारीण आली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचे गाठोडे. आमच्या भागात नवी होती. पातेल्याचा विनोद करणारी तीच बाई भाजी घेऊन चौकातून परत येत होती. तिने फळा वाचला, मग बोळात शिरणाऱ्या बोहारणीकडे पाहिले. तिच्या तोंडून जे निघाले ते मी वरून ऐकले. "अगं बया! फळ्यावर आलंय!"

पुढचे फार भराभर झाले. दारे उघडली. माणसे खाली उतरली. कोणी पाटी ओढली, कोणी गाठोडे सोडले. गाठोड्यात जुने कपडे होते, आणि त्यांत तान्ह्या मुलाचे एक झबले निघाले. बोहारणीच्या गाठोड्यात झबले असणार नाही तर काय असणार? पण ते हातात धरून एकजण ओरडला, "हे कुणाचं? बोल, कुणाचं?" मागच्या बोळातल्या घरातून मिळाले, असे ती सांगत होती. मागचा बोळ हाकेच्या अंतरावर होता. कोणीही जाऊन विचारले नाही.

मी मालकांना फोन लावला.  फळ्यावर काय लिहिले आहे आणि खाली काय चालले आहे, ते कसेबसे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "मॅडम, फळा पुसा. आधी फळा पुसा."

मी खाली गेले. चार माणसांत बोलायला कचरणारी मी, त्या गर्दीला वळसा घालून फळ्यापाशी गेले आणि पदराने सगळे पुसून काढले. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला अगदी शांतपणे, समजावण्याच्या सुरात विचारले, "आता पुसून काय करता मॅडम? वाचून झालंय की सगळ्यांचं."

तिला सोडवले ते चाचांनी. स्टोव्ह तसाच पेटता ठेवून ते गर्दीत शिरले, तिला दंडाला धरून दुकानात नेऊन बसवले, शटर अर्धे खाली ओढले आणि त्या फटीत स्वतः स्टूल टाकून बसले. "पैले मेरे को मारो," ते म्हणाले, "बाद में तुम लोगां को चाय कौन पिलाता, देखता मैं." कोणीतरी हसले. हसण्याने गर्दी थोडी सैल झाली. तोवर पोलीस आले. तिचे मनगट मोडले होते. रस्त्यात भांडी पडली होती आणि ती उचलायला कोणी वाकत नव्हते.

मालक संध्याकाळच्या एसटीने आले. घरात न शिरता फळ्यासमोर उभे राहिले. मग जो दिसेल त्याला विचारू लागले, "तू वाचलंस?" कोणी मारले हे त्यांनी एकालाही विचारले नाही. लोक खाली बघत आणि एकच उत्तर देत: "मालक, तुमच्या फळ्यावर होतं म्हणून…"

जिना चढताना ते मधल्याच पायरीवर बसले. मी वरच्या पायरीवर उभी होते. "मॅडम, फोनवर वाचून हसत हुती की सगळी. फळ्यावर वाचलं आनि उठली. इतकी वर्सं मी ह्यास्नी इस्वास ठेवायची सवय लावली. लागली सवय. आता त्या सवयीवर कुनीबी कायबी लिवावं."

काही दिवसांनी ते कुर्डुवाडीला गेले. ती बोहारीण तिथली होती. बाई माणसाच्या घरी जायचे म्हणून मला सोबत नेले. रेल्वे रुळांच्या पलीकडे पत्र्याचे घर, दारात वाळत घातलेले लोकांचे जुने कपडे. तिच्या हाताला प्लास्टर होते. तिने आम्हाला पोते अंथरून बसवले, पाणी दिले. मालक हात जोडून म्हणाले, "फळा माजा हाय."

 ती म्हणाली, "मला वाचाय येत न्हाई. काय लिवलं हुतं माज्यावर?"

मालकांनी सांगितले. शब्द न् शब्द सांगितला, नजर जमिनीवर ठेवून.

"त्यात माजं नाव हुतं?"

"न्हाई, बाई."

"गाव?"

"न्हाई."

"मग मीच हाय ते, त्यास्नी कशावरनं कळलं?"

मालकांनी पुन्हा हात जोडले आणि आम्ही निघालो.  सोलापूर आल्यावर ते फलाटावरच्या पाट्या वाचत इतका वेळ उभे राहिले की मला त्यांच्या दंडाला हात लावावा लागला.

दुसऱ्या सकाळी फळ्यावर तीन ओळी होत्या. एक पाण्याची, एक सापडलेल्या करडाची, एक रस्ता खणण्याची. खाली ठळक अक्षरात: 'यातील एक खोटे आहे. कोणते ते ज्याने त्याने बघून यावे.'

पेठेला वाटले मालकांचे डोके फिरले. मलाही तसेच वाटले, असे म्हणायला हवे. रोज तीन ओळी, रोज एक खोटी. विचारले तर सांगत नसत. "पाय हायेत की. जाऊन बगा." एका सकाळी तर मधल्या ओळीत त्यांनी स्वतःचेच निधन लिहिले, पूर्ण नावासह, अंत्ययात्रेच्या वेळेसह, आणि समोर चाचांकडे चहा पीत बसले. पलीकडच्या पेठेतले एक परिचित खांद्यावर पंचा टाकून, डोळे पुसत आले. त्यांनी फळा वाचला, वळले, समोर मालकांना बशीतून चहा पिताना पाहिले, आणि पुन्हा वळून फळा वाचला. मालक एवढे हसले की चहा सांडला. चाचा मात्र चिडले. "मालक, खुद का नियम याद है? मढं बगितल्याबिगर?"

"बगितलं की! आरशात बगून आलो."

पण ज्या दिवशी खोटी ओळ पाण्याची निघाली, त्या दिवशी कोणी हसले नाही. आदल्या दिवशीचा फळा वाचून अर्धी पेठ झोपून राहिली आणि पाणी येऊन गेले. रिकाम्या घागरी घेऊन बायका दुकानासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यापुढे स्वतः मालकीणबाई. "निमग तली इल्लेन्री?" त्या कन्नडमध्ये ओरडल्या, म्हणजे डोके आहे की नाही, आणि मग सगळ्यांना कळावे म्हणून मराठीत, "मरायचं ते रोज मरा, पर पानी तरी खरं लिवा की ओ!"

मालक उठून उभे राहिले. "पान्याचंच खोटं लिवाय पायजे," म्हणाले. "बाकी कशाला तुमी उठून बगाय जाताय?"

मंडळाची बैठक झाली, आरडाओरडा झाला, मालकांनी ऐकले नाही. आणि हळूहळू लोक खरोखरच उठून बघायला जाऊ लागले. पहाटे व्हॉल्व्हच्या खड्ड्याभोवती दहा-पंधरा माणसे असत. पूर्वी चावीवाल्याला एकटे मालक ओळखत. आता सगळी पेठ ओळखू लागली. त्याला सकाळी कोणी चहा देई, कोणी उशीर झाला म्हणून शिव्या देई. मालक लांबून ते बघत आणि मान हलवत. समाधानाने की काळजीने, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कधी वाचता आले नाही.

गेल्या थंडीत ते गेले, घरीच, सकाळच्या चहानंतर. फळ्यावर लिहायला कोणी पुढे होईना. सेक्रेटरी खडू घेऊन माझ्याकडे आला. "माझ्याच्यानं नाही होणार, मॅडम." मी लिहिले. नाव आणि वेळ, बाकी काही नाही. फळा ओला होता, म्हणून आधी वाळू दिला. मग मी खिडकीत उभी राहून पाहिले. माणसे येत, वाचत, आणि एकही माणूस वाचून परत जात नव्हता. प्रत्येकजण आत येऊन, त्यांना डोळ्यांनी पाहून, मगच हात जोडत होता. मालकीणबाई मला म्हणाल्या, "बगा की, मेल्यावर शिकली." ते सांगताना त्या रडत होत्या.

मी त्यावर विश्वास ठेवून निर्धास्त झाले होते. पेठ शिकली, असे मला वाटत होते. म्हणून आज दुपारी सेक्रेटरी गेल्यावर मी ठरवले की फळ्याच्या भानगडीत न पडता दारोदार जाऊन सांगावे. माझ्या स्वभावाला ते किती जड गेले, ते राहू द्या. पहिल्या दारात म्हणाले, "पाणी उकळून प्या म्हणता? फळ्यावर आलंय का?" दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारातल्या आजोबांनी चष्मा लावून चौकात जाऊन पाहिले, फळा कोरा बघून परत आले आणि हसून म्हणाले, "नाही हो मॅडम, काही आलेलं नाही." उलट्या झालेली दोन मुले त्यांच्याच नात्यातली आहेत.

चावीवाल्याला फोन केला. म्हटले, उद्या एक दिवस दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का? त्याने कारण विचारले, मी सांगितले. तो हसला. "मॅडम, मी न्हाई आलो तर पानी कोन सोडनार? आनि न्हाई आलो तर म्हंतील, बगा, पळाला."

आता खडूची डबी माझ्या टेबलावर आहे. लिहायचे वाक्य मी मनात कितीदा तरी घडवले आणि मोडले आहे. 'पाणी दूषित आहे' असे लिहिणार नाही. ते मला ठाऊक नाही. कोणाला दोष देणार नाही, कारण सांगणार नाही. फक्त 'पाणी उकळून प्या' एवढेच. हे खरे आहे, निरुपद्रवी आहे, आणि यामुळे उद्या एखादे मूल आजारी पडायचे वाचेल. नाही लिहिले आणि ते मूल आजारी पडले, तर मी कोणाला तोंड दाखवू? पण 'का उकळायचे?' हा प्रश्न वाचणारा विचारणारच, आणि त्याचे उत्तर बोळात आधीपासून तयार आहे. माझ्या वाक्यात चावीवाल्याचे नाव नसेल. कुर्डुवाडीच्या त्या बाईचेही नाव कुठे नव्हते.

वाचकहो, तुम्ही आमच्या बोळात राहत असता, उद्या सकाळी दार उघडून चौकात आला असता आणि फळ्यावर माझे हे तीन शब्द वाचले असते, तर आधी काय केले असते: घरात जाऊन गॅस पेटवला असता, की व्हॉल्व्हच्या खड्ड्याकडे निघाला असता?